कागदावरची थोरली

आमचं गाव मुरगूडपासून चालत तासाभराच्या अंतरावर. तिथं पोराला शाळेत घालायची एक पद्धत होती. जून महिन्यात गुरुजी पोरापोरींना व्हरांड्यात रांगेनं उभं करायचे आणि सांगायचे, "उजवा हात डोस्क्यावरनं न्या आन् डावा कान धरा." हात कानाला पोचला की पोर शाळेच्या वयाचं झालं. जन्मतारीख बापाला ठाऊक नसायची. आईला ठाऊक असायची, पण ती 'पंचमीच्या दुसऱ्या दिवशी' किंवा 'थोरली म्हैस दगावली त्या साली' अशी. गुरुजींच्या रजिस्टरात म्हशीसाठी रकाना नव्हता. मग ते हाताकडे बघून वय ठरवायचे आणि तारीख सगळ्यांना एकच द्यायचे, एक जून. अर्ध्या गावाचा वाढदिवस एका दिवशी येतो आणि कुणी तो साजरा करत नाही.

त्या रांगेत माझ्या मागं माझी मैत्रीण उभी होती. शेजारची, भिंतीला भिंत लागून घर. तिचं नाव लिहीत नाही, तिला आवडायचं नाही. मी तिच्यापेक्षा वर्षानं मोठी. तिच्या बारशात मी नुकती चालायला लागले होते आणि पाळणा धरून उभी राहिले होते, हे माझ्या आईनं शंभरदा सांगितलंय. पण मी बुटकी, आखूड हातांची. मान पार वाकडी केली तेव्हा कुठं बोटं कानाच्या वरच्या टोकाला टेकली. गुरुजी म्हणाले, "पाच लिवतो." मग तिची पाळी आली. तिचा हात डोक्यावरनं गेला, कान ओलांडला आणि गालावर जाऊन थांबला. गुरुजी खूश झाले. "ही सात तरी आसंल!"

ती खरी पाचची होती आणि मी सहाची. त्या दिवसापासून कागदावर ती माझ्यापेक्षा दोन वर्षांनी थोरली झाली. घरी सगळे पोट धरून हसले. तिचे, धाकटीचे, तोकडे झालेले फ्रॉक मला, थोरलीला, यायचे, त्याचंही हसूच व्हायचं. कागदाला कोण विचारतंय, असं आमच्या गल्लीचं मत होतं.

पाचवीत आम्ही खो-खो खेळायला लागलो. शाळेमागच्या पडक्या जागेत दोन खांब रोवलेले होते. ज्यांना खो-खो ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते, की पाठलाग करणाऱ्या मुली ओळीनं उकिडव्या बसतात, धावणारी मागून येते, बसलेलीच्या पाठीवर थाप मारून 'खो' म्हणते, ती उठून पळते आणि ही तिच्या जागी बसते. माझ्या पाठीवर खो द्यायची ती माझी मैत्रीण. तिचा पंजा असा पडायचा की मी उठायच्या आधीच उडालेली असायचे. मी चपळ होते, नाही असं नाही, पण वासरांत लंगडी गाय शहाणी. ती मात्र खरी खेळाडू होती. खांबाजवळ सूर मारायची तेव्हा समोरच्या पोरीला वाटायचं आपण सुटलो, आणि मग तो हात कुठून तरी पुढं यायचा. तो हात बघायला गावातली रिकामटेकडी माणसं कुंपणावर येऊन बसायची.

सातवीत असताना मुरगूडला तालुक्याच्या स्पर्धा झाल्या. तिथं कोल्हापुरातल्या एका खासगी हायस्कूलचे खेळाचे सर आले होते. नव्वदच्या दशकात शहरातल्या बऱ्याच शाळांना ढालींचा नाद लागला होता. कार्यालयात काचेची कपाटं असायची आणि ती भरायला खेड्यापाड्यांतनं पोरं उचलून आणायचे. फी माफ, वसतिगृह माफ, वह्या-पुस्तकं, गणवेश, बूट, रोज दूध आणि दोन अंडी. सरांनी माझ्या मैत्रिणीचे तीन सामने पाहिले. चौथ्याला ते उभेच राहिले. जाताना तिच्या वडलांना म्हणाले, "पोरगी माझी झाली. रविवारी कागदं करायला येतो."

त्या आठवड्यात तिच्या घरात लग्नघरासारखी गडबड होती. मामाकडनं पत्र्याची ट्रंक आली. आईनं चिवडा केला. ती मला रोज सांगायची, "मी गेलो की तुलाबी बोलवून घेतो बघ. सरास्नी सांगतो, हिच्याबिगर मला खो द्यायला येत न्हाय." आमच्याकडं बायका-पोरी 'मी गेलो, मी आलो' असंच बोलतात. मी "व्हय, व्हय" म्हणायचे आणि आतून जळायचे. खोटं कशाला बोलू, मला त्या ट्रंकेचासुद्धा राग येत होता.

रविवारी सर स्कूटरवरनं आले. गुरुजींनी व्हरांड्यात खुर्ची टाकली, "बसा पावणं" म्हणाले आणि रजिस्टर काढलं. आम्ही मागं खेळत होतो. सर आलेत म्हणून आम्ही जरा जास्तच ओरडून खेळत होतो. पाणी प्यायला म्हणून मी नळाजवळ आले तेव्हा सरांचा आवाज चढलेला ऐकला.

"ही तर आठवीत जाताना चौदा पुरी हुतीया गुरुजी! मला चौदाच्या आतली पायजे. चौदाच्या आतल्या गटासाठीच जागा हाय आमच्याकडं."

गुरुजी कपाळाचा घाम पुसत होते. नोंद त्यांच्याच हातची होती. "अंदाजानं लिवल्यालं आस्तंय ओ. पोरगी बारकी आसावी."

"आसावी म्हंजे? खरं वय कमी आसंल तर मी तहसीलदाराकडं जातो, प्रतिज्ञापत्र करतो, दाखला दुरुस्त करून घेतो. त्याला चार फेऱ्या माराय लागल्या तरी मारतो. पण जादा वयाचं पोर खेळवलं तर शाळंवर बंदी येती. आधी मला खात्री पायजे." मग ते रजिस्टरात बोट फिरवत म्हणाले, "ही दुसरी कोण? बाराची? ती बुटकी न्हवं? चपळ हाय. न्हायच जमलं तर ही चालंल."

ही चालंल. मी ते ऐकलं. आणि तेवढ्यात त्यांनी मला पाहिलं आणि हाक मारली.

तिची आई रानात होती, माझीही. तिचे वडील कारखान्याच्या पाळीवर गेले होते, आणि असते तरी पोरीचं साल त्यांना सांगता आलं नसतं. ती स्वतः लांब, पलीकडच्या खांबाजवळ उभी होती आणि आमच्याकडंच बघत होती. सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बाळ, तुम्ही शेजारी न्हवं? बारकेपणापासनं संगट हाय. खरं सांग, ती तुझ्यापेक्षा थोरली हाय का ल्हान?"

मी म्हणाले, "थोरली हाय सर."

एवढंच. माझी जीभ अडखळली नाही. गुरुजींनी सुटकेचा श्वास सोडला, कारण आता त्यांची नोंद बरोबर ठरली होती. पोरीच्या वडलांना ते संध्याकाळी "कागदात बसत न्हाय" एवढं सांगून मोकळे झाले. तिच्या आईनं शाळेत येऊन आकाशपाताळ एक केलं, म्हशीचं साल सांगितलं, पंचमी सांगितली. पण तोवर सरांनी माझा अर्ज भरून नेला होता. आयत्या बिळावर नागोबा, तो मी. ट्रंकसुद्धा तिच्या आईनंच मला दिली. म्हणाली, "पडून काय करायची."

कोल्हापुरात मला काही कमी पडलं नाही. पहिल्याच महिन्यात 'मी जातो'चं 'मी जाते' झालं, दोन वेण्यांना पांढऱ्या रिबिनी आल्या. सकाळी प्रार्थनेआधी आम्ही मैदानाच्या कोपऱ्यात सराव करायचो आणि बाकीचं सगळं मैदान फुटबॉलवाल्या पोरांचं. तीही आमच्यासारखीच, फी माफ असलेली. वर्गात आम्हाला शेवटचा बाक आणि संमेलनात पहिली रांग मिळायची. पाहुणे आले की संस्थेचे अध्यक्ष आम्हाला उभं करून दाखवायचे. दरवर्षी जूनमध्ये माफी नव्यानं मिळायची, म्हणून गुडघा सुजला तरी मी तो कुणाला दाखवत नसे.

पण मला तिची फार आठवण यायची. रडायला यायचं असं नव्हे, पाठ रिकामी वाटायची. शहरातल्या मुली खो द्यायच्या तो चिमटीनं मीठ टाकल्यागत. शब्द ऐकून उठायला लागायचं. मी दर वेळी वाट बघायचे, की आता पडेल तो पंजा, आणि त्यातच अर्धं पाऊल मागं राहायचे. सर ओरडायचे, "झोपलीस काय गं?" मी झोपले नव्हते. मला दुसऱ्याच कुणाचा तरी हात हवा होता, आणि तो मीच तिथं गावात ठेवून आले होते.

दिवाळीला घरी गेले तेव्हा तिनं मला उंबऱ्यावरच धरलं. मैदान केवढं, माती कसली, खांब लाकडाचा का लोखंडाचा, सगळं विचारलं. माझे बूट पायात घालून बघितले. तिची टाच बाहेर राहिली. "तुझं पाय चिमणीचं," म्हणून हसली आणि तिनं ते पुसून परत दिले. सरांनी मला काय विचारलं होतं, ते मात्र तिनं विचारलं नाही. ती विचारील म्हणून मी चारही दिवस तिच्या आधी बोलत राहिले. शाळेत तिनं खो-खो सोडला होता. मुलींचा संघच जमत नव्हता म्हणे.

दहावीनंतर मी त्याच संस्थेच्या ज्युनिअर कॉलेजात होते, तिथं दुसऱ्या वर्षी तिच्या लग्नाची चिठ्ठी आली. खेडेगावातली माणसं तेव्हा हळूहळू कायद्याला भ्यायला लागली होती, बैठकीत कुणीतरी वयाचं काढलं होतं. पण दाखल्यावर अठरा पूर्ण होती, मग काय अडचण? ती सोळाची होती. ज्या कागदात ती खेळायला बसली नाही, त्याच कागदात लग्नाला चपखल बसली. मला सतरा पुरी झाली होती आणि माझ्या दाखल्यावर सोळा होती, म्हणून माझ्या आईनं आलेलं एक स्थळ ताठ मानेनं परत पाठवलं होतं.

मी सरांकडं दोन दिवसांची सुट्टी मागितली. राज्याच्या स्पर्धा तोंडावर होत्या. सर वाईट माणूस नव्हते, पण म्हणाले, "फी माफ हाय तुझी. ध्यानात हाय न्हवं?" मी स्पर्धेला गेले. आम्ही ढाल आणली. तो फोटो अजून त्या कपाटात असेल. मी त्यात खाली बसलेली आहे आणि कुणाशी तरी भांडून आल्यासारखी दिसते.

पुढं मी खेळाचीच शिक्षिका झाले. त्याच खेळानं मला नोकरी दिली, शहरात घर दिलं. आता मीही दुसऱ्या एका शाळेसाठी तालुक्याच्या स्पर्धांना जाते आणि पोरी निवडते. दाखला बघायच्या आधी मी पोरीच्या आईला गाठते. पंचमी विचारते, म्हैस विचारते. बरोबरचे शिक्षक मला हसतात.

अशीच एकदा, दोन हजार सालानंतर पाच-सहा वर्षांनी, कागलहून कोल्हापूरच्या बसमध्ये चढले, आणि खिडकीशी ती बसलेली. गळ्यात कारखान्याचं ओळखपत्र, मांडीवर डबा. पंचतारांकित एमआयडीसीत सुटे भाग तपासायच्या कामावर होती. मी लग्नाला गेले नव्हते, नंतर ती सासरी आणि मी शहरात, सणावारी कधी ओझरतं दिसलो तेवढंच. तिनं सरकून जागा केली. "बस की. बाई झालीस म्हणं." पोरं किती, सासू कशी, कारखान्याची पाळी कितीची, असं बरंच बोललो. ती जोरात बोलत होती, पुढची माणसं वळून बघत होती. मला इतकं बरं वाटत होतं, की बस कोल्हापूरला पोचूच नये असं वाटलं.

मग ती एकदम आवाज उतरवून म्हणाली, "एक इचारू? मी चांगली खेळत हुतो का गं? आता कुणाला सांगितलं तर पटत न्हाय. पोरींस्नीबी पटत न्हाय."

"तुझ्यासारखी मी अजून एक बघितली नाही," मी म्हणाले. "आणि माझं काम तेच आहे."

तिनं मान हलवली. "त्या रविवारी सरांनी तुला हाक मारली. मी खांबाजवळ हुतो. काय इचारलं तुला?"

इतकी वर्षं मी या प्रश्नाच्या आधी बोलत आले होते.

"आपल्यात थोरली कोण, म्हणून विचारलं."

"मग?"

"तू थोरली, म्हणून सांगितलं."

बस थांबली, माणसं उतरली, चढली. तिनं डब्याची पिशवी या मांडीवरनं त्या मांडीवर घेतली. मला वाटलं आता ही शिवी देईल, आणि मला ती हवी होती. आमच्या गावच्या बाईला शिवी द्यायला किती वेळ लागतो! पण तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "जाऊंदे. तुझ्या ठिकाणी मी असतो तर मीबी तेच सांगितलं असतं."

लहानपणापासून मी तिला ओळखते. माझ्याशी ती एकदाच खोटं बोलली, ती त्या बसमध्ये.