गौरीची चूळ

चंदाला लहानपणापासून शिसारी फार. पंगतीत शेजारच्यानं बोटं चाटली की हिचं जेवण तिथंच संपायचं. दुधावरची साय, ओल्या फडक्याचा वास, एसटीच्या दांड्याचा चिकटपणा, कशानंही तिच्या अंगावर काटा यायचा. तिची आई गुणाबाई म्हणायची, "हिला सासर नको, दवाखाना पायजे." सासर झालंही नाही. चंदा डीएड झाली, काही वर्षं आश्रमशाळेत तासांवर शिकवलं, आणि तिशी ओलांडली तरी शहापूर-मुरबाड रस्त्याच्या आतल्या बाजूला असलेल्या गावातच राहिली.

वय वाढलं तशी ही शिसारी शब्दांपर्यंत पोचली. निबंधाच्या वह्या तपासताना 'हिरवा शालू नेसलेली धरती' आली की तिला जुन्या तळणीच्या तेलाचा वास यायचा. वर्गातल्या सगळ्या वह्यांत एकच धरती, एकच शालू, सगळा एकाच गाइडातून उतरवलेला. समासात ती लाल शाईनं लिहायची, 'तू पाहिलास?' मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, पोरांना मार्क मिळू द्या. पाहायचं काय त्यात?" पुढच्या वर्षी तिला तास मिळाले नाहीत.

मग तिला मनस्वी मिळाली. मनस्वीची आई पूजा ठाण्याची. नवरा-बायकोनं गावच्या ओहोळाच्या वरच्या अंगाला बंगला बांधला, मुलीला शाळेतून काढलं आणि घरीच शिकवायला घेतलं. गणित, विज्ञान पूजा स्वतः बघायची. मराठी निबंधाशी मात्र तिचं जमेना, म्हणून चंदाला बोलावलं.

पहिला निबंध होता 'माझा आवडता प्राणी'. मनस्वीनं लिहिलं होतं, 'कुत्रा हा इमानदार प्राणी आहे.'

"कुणाचा कुत्रा?" चंदानं विचारलं.

"कुणाचाच नाही. असाच."

"मग इमान कुणाशी?"

पोरगी हसली. चंदानं तिला उठवलं आणि फाटकाबाहेर पडून असणाऱ्या लूत लागलेल्या कुत्र्यापाशी नेऊन बसवलं. "आधी नाकानं लिहायचं, मग बोटांनी. डोळे सगळ्यात शेवटी. डोळ्यांना खोटं बोलायची सवय असते."

दुसऱ्या दिवशी मनस्वीनं लिहून दाखवलं, 'गोचीड रक्त पिऊन द्राक्षासारखी फुगते. बोटांत फुटली की ती कोमट लागते.'

"ई! हे काय शिकवताय तुम्ही?" पूजा ओरडली.

शिसारी चंदालाही आली होती. पण तिनं समासात पहिल्यांदाच 'छान' लिहिलं.

श्रावण संपता संपता शहापूरच्या एका वाचनालयानं निबंध स्पर्धा ठेवली. विषय होता, 'आमच्या गावचा सण'. निवडलेले निबंध मुलांनी स्टेजवर वाचायचे. पूजानं हे फारच मनावर घेतलं. पोरगी घरी बसवून वाया घालवली, असं तिची सासू चार माणसांत बोलायची. स्टेजवर मनस्वी उभी राहिली की ते तोंड बंद होणार होतं. "ताई, बक्षीस आलंच पाहिजे," ती म्हणाली. चंदालाही ते हवं होतं. आश्रमशाळेनं टाकलेली तिची पद्धत निदान एकदा तरी कुणीतरी मोठ्यानं ऐकावी, असं तिला वाटत होतं. ती मनस्वीला म्हणाली, "तू आमच्या गौरीला ये. काही लिहून घेऊ नकोस. नुसती मागून चाल."

या गावात गौर ओहोळावरून आणतात. घरची लेक वळणावरच्या कोंडीतून, पाणी साचतं त्या खोलगट जागेतून, खडे उचलते, तेरड्याची जुडी घेते आणि त्याच पाण्याची चूळ तोंडात धरून घराकडे निघते. उंबऱ्यापर्यंत गिळायची नाही, थुंकायची नाही, बोलायचं नाही आणि मागं वळून पाहायचं नाही. सोबतच्या बायका गात येतात, पण चूळ धरली की त्याही गप्प होतात.

चंदानं ओंजळ तोंडाला लावली. पाणी जिभेवर बुळबुळीत लागलं. मग वास आला, आणि तो नाकातून नाही, आतून घशाकडून आला. बायकांचं गाणं थांबलं होतं. त्या शांततेत वरच्या पुलाकडून पंपाची घरघर ऐकू आली. मध्येच ठसकणारा तो पंप चंदानं झोपेतही ओळखला असता. तिचा भाऊ हरेश संडासाच्या टाक्या उपसायचा टँकर चालवायचा. गणपतीला बंगल्यांवर पाहुणे भरले होते, टाक्या तुंबल्या होत्या.

सगळ्या बायकांनी तो पंप ऐकला. कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

घरापर्यंत बांधाबांधानं जायचं. चंदा चालत राहिली. लाळ सुटून तोंडातलं पाणी वाढत होतं, कोमट होत होतं. गालाच्या आत काहीतरी बारीक, मऊ चिकटलं होतं आणि जीभ तिथं लावायचं धाडस तिला होत नव्हतं. हातात गौर होती. मागं मनस्वीची पावलं वाजत होती, मधूनमधून थांबत होती. तिला मागं पाहायला कुणी बंदी केली नव्हती.

उंबऱ्यावर गुणाबाई आरती घेऊन उभी. "गौर आली गो! कशाच्या पावलांनी आली?"

चूळ टाकून 'सोन्याच्या पावलांनी' म्हणायचं असतं. चंदानं गौर आईच्या हातात दिली आणि तुळशीपाशी भडाभडा ओकली.

"अगो, गौरीपुढं?" गुणाबाई कळवळली. "उपाशी व्हतीस म्हणून झालं."

"उपाशी नव्हते मी," चंदा म्हणाली. गुणाबाई गौर घेऊन आत वळली.

मनस्वीनं निबंध तीन दिवसांत आणला. मधला परिच्छेद असा होता: 'ताईच्या तोंडात ओहोळाचं पाणी होतं. वरच्या पुलावर एक टँकर उभा होता. त्याचा पाइप पाण्यात सोडलेला होता. पाइपातून काळं येत होतं, त्यावर कागदाचे तुकडे होते. ताई थुंकली नाही. थुंकली असती तर गौर बाटली असती, असं एक आजी नंतर म्हणाली.'

चंदानं ते दोनदा वाचलं. त्यात एकही शालू नव्हता.

ही गोष्ट हरेशच्या कानावर जायला वेळ लागला नाही. तो जेवताना म्हणाला, "त्या पोरीला सांग, तेवढं काढ. स्टेजवर वाचणार म्हणं."

"ओततोस तिथं नि लाज लिहिल्याची?"

"लांब नेऊन ओतायचं तर डिझेल कोण देल? तुझी मॅडम? तिलाच सस्त्यात पायजे. नि तुझी डीएडची फी कोणी भरली गो? याच गाडीनं ना? तवा नाय वास आला."

चंदानं पुढ्यातलं ताट पाहिलं. भातावर आमटी पसरत होती. ती हात धुवून उठली. आला नव्हता वास, हे खरंच होतं. आला असेल तर तिनं नाक दाबलं होतं.

दुसऱ्या दिवशी बंगल्यावर पूजानं चहा ठेवला आणि हळूच विषय काढला. "बाकी सुंदर आहे हो. पण तो परिच्छेद... निगेटिव्ह वाटतो. परीक्षकांना सण हवा. तिथं ओढ्याचं छानसं वर्णन घाला ना. तुम्हाला काय, दोन मिनिटांचं काम."

दोन मिनिटांचंही नव्हतं. शालू, झरे, चांदीची धार, सगळं चंदाला पाठ होतं. नुसतं सांगायचं होतं. घरात भाऊ पुन्हा नीट बोलला असता, इकडे शिकवणीचा महिना चालू राहिला असता, मनस्वीला बक्षीसही मिळालं असतं. कपातल्या चहावर साय धरली होती. तिनं कप बाजूला सारला.

मनस्वी पेन घेऊन बसली होती. "ताई, चुकलंय का काही?"

"एक वाक्य चुकलंय," चंदा म्हणाली. "'एक टँकर' लिहिलंस. एक म्हणजे कुठला? ज्याचं नाव नाही तो टँकर कुणालाच दिसत नाही."

"मला माहीत नव्हतं कुणाचा."

"मला माहीत आहे. लिही, 'चंदाताईचा भाऊ हरेश याचा टँकर.'"

पेन थांबलं. दारात पूजा उभी होती. "ताई, अहो, कशाला स्वतःच्या घरचं..."

"लिही," चंदा म्हणाली.

मनस्वीनं लिहिलं. मग ती वहीवरून वर बघत म्हणाली, "आणि आतलं ते घाण पाणी? ते कुणाच्या टाकीतलं होतं?"

"ते मी पाहिलं नाही," चंदा चपला शोधत म्हणाली. "न पाहिलेलं मी सांगत नाही. आईला विचार."

मनस्वीनं पेनाचं टोक कागदावर तसंच ठेवलं आणि मान वळवली. "आई, आपली टाकी त्याच दिवशी उपसली ना गं?"