पाकीटमावशींची वही

आमच्या वृद्धाश्रमात गोळ्या वाटणाऱ्या मावशींना सगळे ‘पाकीटमावशी’ म्हणत. गोळ्यांचं पाकीट संपलं की त्या ते फेकत नसत. वहीत ज्याच्या त्याच्या पानावर चिकटवत. वही फुगून उशीएवढी झाली होती. मी इथली नर्स, मीही हसायचे.

“मावशी, हा कचरा कुणाच्या नावावर करणार?”

“असू दे, ताई. नडीला उपयोगी पडतो.”

सात नंबरच्या खोलीत शिंपीकाका राहत. सगळ्यांची बटणं तेच लावून देत, वर शिव्याही फुकट. गेल्या महिन्यात ते चार दिवस हॉस्पिटलात राहून आले आणि पार बदलले. उठले की भोवळ, दिवसभर डुलक्या. एकदा न्हाणीघराच्या दारात पडलेही. “वय झालं,” मी म्हणाले. डॉक्टरांनाही तेच सांगितलं. मुलगा आला आणि सोमवारी काकांना वरच्या मजल्यावर, अंथरुणाला खिळलेल्यांच्या खोलीत हलवायचं ठरलं. तिथून खाली परत आलेलं कुणी मला आठवत नाही.

शनिवारी सकाळी मावशींनी वही माझ्या टेबलावर आपटली. “मला हे इंग्रजी वाचता येत नाही, पण अक्षरं जुळवता येतात.”

काकांच्या पानावर दोन पाकिटं शेजारी शेजारी होती, एक जुनं, एक हॉस्पिटलातून आलेलं. रंग वेगळा, मोठ्या अक्षरातलं नाव वेगळं. खालची बारीक अक्षरं, औषधाचं मूळ नाव, मात्र हुबेहूब तीच. रक्तदाबाचं एकच औषध आम्ही काकांना दुप्पट देत होतो.

नवी गोळी औषधांच्या तक्त्यावर मीच लिहिली होती. जुनी खोडायची राहिली, तीही माझ्याकडूनच. मी लगेच डॉक्टरांना फोन करून काही न लपवता सांगितलं. त्यांनी येऊन रक्तदाब मोजला, एक गोळी बंद केली आणि मला चार शब्द सुनावले. मुलालाही मीच कळवलं. तो म्हणाला, “सोमवारचं राहू द्या.”

पुढच्या गुरुवारी काका खुर्चीत ताठ बसले होते. मावशींचा खिसा उसवलेला दिसताच खेकसले, “काय हे ध्यान! इकडे या.” पहिल्याच फटक्यात त्यांनी सुईत दोरा ओवला. मला रडू आवरेना.

“हिला काय झालं?” काकांनी मावशींना विचारलं.

मग त्यांनाही सांगितलं, सगळं.

काकांनी दोरा दातांनी तोडला. “माप चुकलं की मी गिऱ्हाइकाला नवा सदरा शिवून द्यायचो. तू काय देणार?”

मी मावशींच्या हातातली वही घेतली आणि आजची रिकामी पाकिटं चिकटवायला डिंकाची बाटली उघडली.