आत्याचे उघडे डोळे

आमची आत्या उघड्या डोळ्यांनी झोपायची. हिंदी मुलखात, इंद्रपुरीतल्या तिच्या घरी मी दुपारी तिच्या शेजारी आडवी व्हायचे आणि भीतीने मला घाम फुटायचा. घोरतेय तर खरी, पण पापण्यांच्या फटीतून बुबुळं माझ्याकडेच! थायरॉईडमुळे तिचे डोळे खोबणीतून पुढे आले होते. पापण्या पूर्ण मिटतच नसत.

काही बोललं, तर ती नोकरीला होती त्या कारखान्याच्या भिंतीवरचं वाक्य तोंडावर फेकायची, "नजर हटी, दुर्घटना घटी!" ती तिथल्या ड्रॉइंग ऑफिसात होती. कॉम्प्युटर आले तरी कच्चा नकाशा पेन्सिलीनेच काढायची. रेघ इतकी सरळ, की साहेब लोक पट्टी लावून बघत. त्या रेघेचा तिला गर्व होता आणि तो ती लपवतही नसे.

मग उजवा डोळा लाल झाला, लाली उतरेचना. मलम झालं, झोपताना चिकटपट्टी झाली. शेवटी डॉक्टर म्हणाले, बुबुळ सुकून जखम झाली आहे. दोन्ही डोळ्यांच्या पापण्या बाहेरच्या कोपऱ्याशी थोड्या शिवून टाकू, नाहीतर नजर जाईल. शिवून! मी माझेच डोळे हातांनी झाकले. आत्याने मात्र कागद पुढे सरकवला. "डॉक्टर साहब, कहाँ से कहाँ तक? नाप के साथ बनाइए."

त्यांनी घाईघाईत कागदावर एक डोळा काढला. तो तिला पसंत पडणं शक्यच नव्हतं. पेन घेऊन ती स्वतःच काढायला लागली. रेघ वाकडी गेली. दुसरी काढली, तीही थरथरली. आत्याची वाकडी रेघ मी जन्मात पाहिली नव्हती. "मधलं उघडं राहील ना गं?" तिने मला विचारलं, डॉक्टरांना नाही. ती माझ्याहून जास्त घाबरली होती. मी "हो" म्हणाले. मला काय ठाऊक होतं, कपाळ!

मधलं उघडं राहिलं. नजर वाचली, चेहरा जरा झोपाळू दिसायला लागला एवढंच. टाके घातल्यावर आठवड्याभराने दुपारी चहा घेऊन गेले, तर आत्या डोळे गच्च मिटून निपचित पडलेली. मी तिच्या नाकाशी बोट धरलं.

"जिवंत आहे गं," ती डोळे न उघडताच म्हणाली. "आता तरी झोपू दे."

पुढे निवृत्त होईपर्यंत ती सरळ रेघा काढत राहिली. गेल्या वर्षी गेली, तीही दुपारच्या झोपेतच. डोळे नीट मिटलेले होते. मी नाकाशी बोट धरलं आणि ती रागावेल म्हणून किती तरी वेळ वाट बघत बसले.