पॉलिसीसाठी पसरलेला पंचा

नारळ वरून टाकला त्यांनी. हातात दिला नाही.

मी सहाणेच्या खाली उभा. सहाण म्हणजे शिमग्यात पालखी टेकवतात तो दगडी चौथरा. मी अनवाणी, दोन्ही हातांनी पंचा पसरलेला. वय चौसष्ट. वर गावकीचे अध्यक्ष. शाळेत माझ्या मागे चार इयत्ता होते. नारळ पंच्यात धपकन पडला. ढोल वाजले. मी मागे वळणार, तेवढ्यात ते म्हणाले,

"थांब रे. परत घे जरा. व्हिडिओ नीट आला नाही."

मी नारळ पायरीवर ठेवला. त्यांच्या माणसाने तो उचलून वर दिला.

"आणि चष्मा काढ. जुन्या काळासारखं दिसलं पाहिजे."

मी चष्मा काढला. हे सांगताना अजून लाज वाटते, पण काढला. कुणी हात धरला नव्हता. माझ्याच हाताने काढून खिशात ठेवला.

मी काही अडाणी माणूस नव्हे. रोह्याकडच्या एका केमिकल कारखान्यात एकतीस वर्षं ऑपरेटर होतो. दर तासाला राऊंड मारायचा, मीटर बघायचा, आकडा लॉगबुकात लिहायचा, सही करायची. डोळ्यांनी बघितल्याशिवाय सही नाही, हा तिथला पहिला धडा. नव्या पोरांना तो मीच द्यायचो. रिटायर होऊन सहा वर्षं झाली तरी पाय ऐकत नाहीत. तासाभराने उठतो. अंगणात फेरी मारतो, नळ बघतो, गॅसचं बटण बघतो, परत येऊन बसतो. बसवत नाही. बायको म्हणते, माणूस रिटायर झाला, पाय झाले न्हाईत.

बसून तरी काय करू? फंडाची पेन्शन येते. रिटायर झालो तेव्हा जेवढी होती तेवढीच. ती जागची हलत नाही आणि बाकी सगळं पळतं. सिलिंडर, तेल, डाळ, म्हसळ्याचं रिक्षाभाडं. समुद्र हाकेच्या अंतरावर, आणि बोर्लीच्या बाजारात मी मासळीवालीची नजर चुकवून जातो. नोकरी होती तोवर मेडिक्लेम कंपनीचा होता. नोकरी सुटली तसा तोही सुटला. मग मी आम्हा दोघांची स्वतःची पॉलिसी काढली. शहाणपणच केलं. तीन वर्षांपूर्वी बायकोच्या छातीत कळ आली, मुंबईला नेलं, दोन स्टेंट टाकले. पॉलिसी नसती तर ती आज नसती.

त्यानंतर हप्ता वाढला. एजंट म्हणाला, काका, वय वाढलं की हप्त्याची पायरी चढते. पुढच्या वर्षी परत चढली. गेल्या वर्षी मी पॉलिसीतून माझं नाव काढून टाकलं. तिला बोललो नाही. यंदा तिच्या एकटीचा हप्ता आला, तो आमच्या दोघांच्या जुन्या हप्त्यापेक्षा मोठा. दुसरी कंपनी घेत नाही. हृदयाचं दुखणं म्हटलं की फॉर्म परत. सरकारी कार्ड आहे, पण तिचे डॉक्टर ज्या हॉस्पिटलात आहेत तिथे ते चालत नाही. मुलगा पनवेलला कंत्राटी नोकरीत. त्याने विचारायच्या आत मीच सांगून टाकलं, आमचं भागतंय. पॉलिसीची तारीख उलटून गेली होती. वरची महिनाभराची सवलत चालू होती. ती संपली की जुनी पॉलिसी मेली.

अशात गावात बातमी आली. गावकी म्हाताऱ्या माणसांची सामूहिक पॉलिसी काढतेय. जुने आजार धरून. हप्ता गावकी भरणार. गावकी म्हणजे देवळाचा, पालखीचा आणि खरं तर अख्ख्या गावाचा कारभार बघणारी मंडळी. आमची बौद्धवाडी पऱ्याच्या पलीकडे, ओढ्यापल्याडची. आम्ही गावकीत नाही.

अध्यक्षांनी बंगल्यावर बोलावलं. ते खुर्चीत, मी पडवीच्या पायरीवर. रिकाम्या खुर्च्या कोपऱ्यात होत्या, त्या कोपऱ्यातच राहिल्या. ते म्हणाले, पॉलिसी मानकऱ्यांसाठी आहे. पण तुमच्या घराचाही मान होता की. तुझा आजोबा पालखीपुढे मशाल धरायचा, वाट मोकळी करायला ओरडायचा, सहाणेखाली पंच्यात नारळ झेलायचा. तेवढं परत सुरू कर, तुम्हा दोघांची नावं घालतो. एका संध्याकाळचं तर काम.

आजोबाने केलं ते खरं. बापाने सोडलं तेही खरं. धम्म घेतल्यावर आमच्या वाडीने ठरवलं, मेलेलं ढोर ओढायचं नाही आणि पालखीपुढे मशाल धरायची नाही. गावाने काम देणं बंद केलं. गिरणीत दळण घेईनात. बाप उरणकडे मिठागरावर गेला. टाचांना भेगा, भेगांत मीठ. घरी आला की पाय गरम पाण्यात घालून ओरडायचा. पण पंचा परत पसरला नाही त्याने. हे मला तोंडपाठ. जयंतीच्या दिवशी माइकवर उभं राहून मीच पोरांना सांगायचो.

आणि मीच फॉर्मवर सही केली. न वाचता. एकतीस वर्षांत जे केलं नाही ते पडवीच्या पायरीवर केलं.

बायकोला सांगितलं, गावकीने सगळ्यांनाच घेतलंय. तिचा चेहरा उजळला. एक घोर सुटला म्हणाली. त्या एका वाक्यावर मी पालखीपर्यंतचे दिवस ढकलले.

तर, नारळ दुसऱ्यांदा आला. चष्म्याशिवाय मला वरचे दिवे तेवढे दिसत होते, फुटलेले. नारळ पंच्यात पडला नाही. खांद्याच्या हाडावर आदळला आणि घरंगळत खाली गेला. डोळ्यांपुढे अंधारी आली. कुणीतरी हसलं. मग बरेच हसले. त्या हसण्यात राग नव्हता. सणासुदीला माणसं हसतात तसं ते हसणं होतं. ते जास्त लागलं.

"उचल रे," अध्यक्ष म्हणाले. "परत घेऊ."

मी वाकलो. अर्धा वाकलो आणि थांबलो. परत म्हणजे किती वेळा? आज तिसऱ्यांदा. पुढच्या शिमग्याला पुन्हा. त्याच्या पुढच्याला पुन्हा. अरे, हाही हप्ताच की! कंपनी पैशात घेते, हे पाठीत घेतात. आणि दोघांचाही दरवर्षी वाढणार. यंदा चष्मा काढायला लावला, पुढच्या वर्षी सदरा काढायला लावतील.

मी सरळ झालो. खांदा ठणकत होता. चष्मा डोळ्यांवर चढवला तेव्हा तोंडं दिसली. अर्ध्यांना मी नावाने ओळखत होतो.

"मी न्हाय उचलणार," मी म्हणालो.

ढोल थांबले. अध्यक्ष पुढे झाले, आवाज खाली आणून म्हणाले, "यादीतून नाव जाईल. बायकोचा तरी विचार कर."

  मी पंचा खांद्यावर टाकला आणि चपला शोधायला लागलो. त्या कुणीतरी हलवल्या होत्या. गर्दीतून वाकून वाकून शोधल्या, मिळाल्या नाहीत. तसाच अनवाणी पऱ्या ओलांडून घरी आलो.

व्हिडिओ माझ्याआधी घरी पोचला होता. बायको ओट्यावर बसली होती, मोबाईल शेजारी पालथा. मी सगळं सांगितलं. पडवी, फॉर्म, खोटं. माझं नाव गेल्या वर्षीच काढलं, तेही सांगून टाकलं. ती रडेल असं वाटलं होतं. ती भडकली.

"माजं नाव पुढं करून वाकलात? मला इचारलंत?"

मी पंचा खांद्यावरून काढून ओट्यावर ठेवला.

"आनि सोताचं नाव काडलंत. तुमी गेलात तर ती पॉलिसी मी काय उशाला घेऊन झोपू?"

बराच वेळ ती बोलत राहिली. मी अंगणात फेऱ्या मारत ऐकत राहिलो. मग एकदम थांबली आणि तिने विचारलं, "गावकीकडं येवडा पैसा आला कुठनं?"

हे मी विचारलंच नव्हतं. उत्तर तिनेच दिलं. समुद्रावर पर्यटकांच्या गाड्या लागतात, त्या पावत्यांचा. गाड्या लागतात ते गुरचरण. गावाची गुरं चरायची ती जागा. आमचीही गुरं तिथेच चरायची. जागा ग्रामपंचायतीची, चालवायला दिली गावकीला.

दुसऱ्या दिवशी मी ग्रामपंचायतीत गेलो. पार्किंगचा ठराव दाखवा म्हटलं. ग्रामसेवक उद्या या म्हणाला. उद्या गेलो. परवा गेलो. रोज जाणं मला जड नाही, पायांना कामच हवं असतं. चौथ्या दिवशी त्याने रजिस्टर पुढे सरकवलं. त्यात लिहिलं होतं, पार्किंगचं उत्पन्न सर्व ज्येष्ठ ग्रामस्थांच्या आरोग्यासाठी खर्च करावं. सर्व. मानकरी हा शब्द कुठेच नाही.

घरी येऊन, सही केली तेव्हा मिळालेली माझ्या फॉर्मची झेरॉक्स पेटीतून बाहेर काढली. आता वाचली. पहिल्या पानावर नाव, वय, आजार. मागे गावकीने स्वतः टाइप केलेलं पान जोडलेलं. वर लिहिलेलं, सेवेकरी. खाली, दरवर्षी परंपरेप्रमाणे सेवा देण्याच्या अटीवर. त्याखाली माझी सही. सुंदर, ठसठशीत सही.

ठरावाप्रमाणे आमची नावं पॉलिसीत घाला, असा मी ग्रामपंचायतीला अर्ज लिहिला. एका नावाचा नाही, वाडीतल्या साठीच्या पुढच्या सगळ्यांचा. अकरा जण आहेत. चौघांनी सही दिली नाही. एका म्हातारीचा मुलगा अध्यक्षांच्या हॉटेलात कामाला आहे. ती हात जोडून म्हणाली, "माज्याच्यानं न्हाय व्हायाचं रं." तिला मी नावं ठेवणार नाही. मी स्वतः काय केलं ते गावाने बघितलंय. सात सह्या झाल्या. पहिली बायकोची. तिने अर्ज दोनदा वाचला, मग केली. ग्रामसेवक अर्ज घेईना. मी समोरच्या बाकावर बसलो. दुपारी जेवायला उठलो नाही. शेवटी कंटाळून त्याने पोचेचा शिक्का मारला.

परवा एजंटचा फोन आला. काका, आज सवलतीचा शेवटचा दिवस. मी म्हटलं, माहीत आहे. पैसे नव्हते. पॉलिसी बंद पडली. बायको शेजारीच बसून भाजी निवडत होती. सगळं तिच्या कानावर पडलं. 

मला भीती वाटते. चढावर ती मध्येच थांबते, छातीवर हात ठेवते, आणि मी श्वास धरून उभा राहतो. तिला काही झालं तर लोक म्हणतील, याच्या ताठ्याने गेली. कदाचित मीही म्हणेन. वाकलो असतो तर तिला गावकीच्या पॉलिसीचं कार्ड मिळालं असतं, हे खोटं नाही. पण जे तिचंच आहे ते तिला भीक म्हणून आणून द्यायला मी आता तयार नाही. तीही घ्यायला तयार नाही.

उद्या ग्रामसभा आहे. या वेळी मुद्दाम देवळाच्या सभामंडपात ठेवलीय. आम्ही दारातूनच परत जाऊ असं त्यांना वाटतंय. आम्ही आत जाणार. बायकोला सावकाश चालावं लागतं, म्हणून तासभर आधी निघणार. यादी मोठ्याने वाचा म्हणणार. सातही नावं ग्रामस्थ म्हणून लिहून झाल्याशिवाय आम्ही तिथून उठणार नाही.