पिवळ्या दोऱ्याची अकरा पोती

वाटूर फाट्यावरच्या बियाण्याच्या कारखान्यात दैवशाला बारा वर्षं मुकादमीण होती. बारा वर्षांत तिची एकही चूक कुणी पाहिली नव्हती. दुसऱ्यांच्या मात्र तिनं खंडीभर पाहिल्या होत्या, आणि पाहिलेलं पोटात ठेवण्याची सवय तिला नव्हती.

तीन वर्षांमागं गिरिजाबाईच्या हातून एक पोतं फाटलं. तिनं झाडलोटीचं सोयाबीन गुपचूप त्यात भरून तोंड शिवलं. दैवशालानं शेठ बद्रीनारायणना सांगितलं आणि तासाभरात गिरिजाबाई डबा घेऊन घरी. तेव्हापासून दैवशाला जवळ आली की बायांचं बोलणं बंद व्हायचं. चुका बंद झाल्या नव्हत्या, त्या फक्त झाकून ठेवायला लागल्या होत्या.

मंग शेठचा मुलगा अंकित पुण्याहून मॅनेजमेंट शिकून आला. त्यानं पाण्याच्या टाकीपाशी पाटी लावली : ‘चूक सांगणाऱ्याचं स्वागत आहे.’

“हार घालणार का नारळ देणार?” बाया एकमेकींना विचारायच्या. दोन महिन्यांत स्वागताला कुणी आलं नाही.

जूनमधली दुपार. दारात ट्रक भरून उभा होता. कुंभार पिंपळगावचा दुकानदार सकाळपासून फोन करत होता, शेतकरी त्याच्या ओट्यावर बसून होते. दैवशालानं घाम पुसायला रुमाल काढला, तर खिशातून लाल दोऱ्याची रिकामी रीळ खाली पडली.

तिनं दारातल्या ट्रककडं पाहिलं.

तिथली रीत साधी होती. सात नंबरच्या जातीचं बियाणं लाल दोऱ्यानं शिवायचं, नऊ नंबरचं पिवळ्यानं. दाणे वरवर सारखेच दिसायचे, म्हणून पोत्यावर चिठ्ठीसुद्धा दोरा पाहूनच लागायची. सकाळी सात नंबरची शेवटची अकरा पोती राहिली असताना लाल दोरा संपला. सामानाच्या खोलीला कुलूप होतं. अंकित मागून “जल्दी, जल्दी!” करत होता. तिनं पिवळी रीळ चढवली. मागाहून खूण करू म्हणाली, आणि विसरली. आता ती अकरा पोती नऊ नंबर होऊन ट्रकात बसली होती. सात नंबर तीन महिन्यांत कापणीला येतं, नऊला वीस दिवस जास्त लागतात. एकाच वावरात अर्धं पीक वाळून तडकणार आणि अर्धं हिरवं राहणार.

ड्रायव्हर पप्पू दोर आवळत होता. दोन गाठी राहिल्या होत्या.

गप्प राहिलं तर? तिच्यावर कुणाचा संशयही गेला नसता. संशय घेण्याचं खातं तिच्याचकडं होतं.

“पप्पू, थांब.” ती अंकितकडं वळली. “अंकितभैय्या, गाडी सोडू नका. अकरा पोती चुकीची गेलीत. मी शिवलीत.”

शिलाईचं मशीन थांबलं. सगळ्या बाया पाहत राहिल्या. गादीवरून बद्रीनारायण उठले.

“गिरिजाबाईला एका पोत्यासाठी घरी पाठवलं,” ते मुलाला म्हणाले. “हिची अकरा हायेत. बोल, तुझी पाटी काय म्हणते?”

अंकितनं पाटीकडं पाहिलं, मंग बापाकडं. पुण्यात परीक्षेला बाबूजी नव्हते. दैवशालानं डब्याची पिशवी उचलली.

“पिशवी ठेवा, मावशी,” अखेर तो म्हणाला. “खोलीची किल्ली माझ्या खिशात होती. दोरा मागायला यायची सोय मीच ठेवली न्हाई, वरून घाई केली. अन् बाबूजी, गिरिजाबाईला परत बोलवायचं राहून गेलंय.”

“अन् गाडी?”

“उतरवायची.”

शेठ नुसते परत गादीवर जाऊन बसले, पाठ फिरवून.

दोनशे चाळीस पोती, सगळी पिवळ्या दोऱ्याची. सातच्या दाण्याचा डोळा, म्हणजे शेंगेला चिकटल्या जागेचा ठिपका, काळा, नऊचा तांबूस; प्रत्येक पोत्याचा कोपरा उसवून पाहायचा. दैवशाला एकटीच गुडघ्यावर बसली. मंग बायांमधली मालनबाई शेजारी येऊन टेकली.

“सरका. तुम्हाला चष्मा लागलाय, एवढं तरी कबूल करा.”

बाकीच्या हसत हसत आल्या. पाचव्या तासाला अकरावं पोतं सापडलं.

दुसऱ्या दिवशी कामाआधी दैवशाला गिरिजाबाईच्या दारात उभी राहिली. गिरिजाबाई भाकरी थापत होती. तिनं वर पाहिलं नाही.

“कामाला चल. माझ्या हातूनबी चुकलं,” दैवशाला म्हणाली.

“किती पोती?”

“अकरा.”

भाकरी तव्यावर पडली. “अन् तुला ठेवलं?”

“ठेवलं.”

“माझं एकच होतं, दैवशाला.”

“व्हय.”

गिरिजाबाईनं भाकरी उलटली, फुगू दिली, उतरवली. तोवर दैवशाला उंबऱ्याबाहेर उभीच होती.

“आत ये,” गिरिजाबाई म्हणाली. “डबा भरून होईस्तोवर बस.”