बाटलीतलं पाणी
लाकडी टेबलावर फोन थरथरला की मला लातूरची अभ्यासिका आठवते. भर दुपार होती, वर पंखे घरघरत होते आणि आम्ही पन्नासेक मुली माना खाली घालून वाचत होतो. अचानक जमिनीखालून गुरगुरल्यासारखा आवाज आला. बाटलीतलं पाणी हललं, मागची पुस्तकांची कपाटं करकरली. "पोरींनो, भायेर व्हा!" दाराशी बसणारे म्हातारे शिपाईमामा ओरडले. पण आम्ही आधी धावलो ते टोपलीकडे. आमचे फोन तिथं जमा असायचे. "मामा, भूकंपाची बातमी तर कुठंच न्हाई," एकजण म्हणाली. तेवढ्यानं बऱ्याच जणी परत वळल्या. मीही वळले, कारण खुर्ची रिकामी दिसली की दुसरी कुणीतरी बसायची. मामांनी माझं मनगट धरलं. "किल्लारीत आमच्या घरी बी बातमी मागून आली, माय," ते म्हणाले, "ऐकायला मी एकटाच उरलो होतो." आम्ही सगळ्या उन्हात जाऊन उभ्या राहिलो. त्या दिवशी काहीच पडलं नाही. पण आजही टेबलावर फोन थरथरला, तर मी तो लगेच उचलत नाही. आधी बाटलीतलं पाणी हलतंय का ते बघते.