वरच्या सुराचा दिवस

कल्पना करा, तुम्हाला काचेच्या खोलीत उभं केलंय आणि सांगितलंय, "का" म्हणा. गायचं नाही, एकाच सुरात तीन सेकंद धरायचं. भाव नको, लहर नको. झालं? आता "की". मग "कू". अशी साडेचारशे अक्षरं खालच्या सुरात, दुसऱ्या दिवशी तीच मधल्या सुरात, तिसऱ्या दिवशी तीच वरच्या. गाणं म्हणून एकही नाही.

ताईने हे केलं होतं. काचेच्या अलीकडे यंत्रापाशी तिची धाकटी बहीण बसली होती. ऑफिसात तिला सगळे कात्री म्हणत, कारण दिवसभर ती आवाज कापायची. प्रत्येक अक्षर कुठे सुरू होतं, कुठे संपतं, तिथे खूण करायची. मग शब्द आणि सूर लिहून दिले की सॉफ्टवेअर ते तुकडे जोडतं, आणि पडद्यावरची निळ्या केसांची मुलगी ताईच्या आवाजात गाते. ताई तिला "माझी सावत्र जुळी" म्हणायची.

कात्रीची ती पहिलीच नोकरी. ठरलेल्या गायिकेने ऐनवेळी हात वर केले, स्टुडिओ तीनच दिवस मिळाला होता, साहेबांचा चेहरा उतरला होता. "माझी ताई शाळेत गाणं शिकवते," कात्री बोलून गेली.

याला आता चार वर्षं झाली. त्या तीन दिवसांनंतर ताईचा आवाज बसला तो बसलाच. स्वरतंतूंवर गाठी निघाल्या. शस्त्रक्रिया झाली, बोलणं परत आलं, वरचे सूर आले नाहीत. गाठी कशाने झाल्या, ते डॉक्टरांना छातीठोकपणे सांगता येईना. शाळेने गाण्याच्या तासासोबत ताईला ग्रंथालयही दिलं.

गेल्या आठवड्यात नवी आवृत्ती करायची म्हणून कात्रीने जुनी रेकॉर्डिंगं उघडली. तिसरा दिवस, "रा". आवाज मध्येच अडकत होता, कापड खिळ्याला अडकावं तसा. आणि खाली नोंद होती: "आवाज अडकतोय. पुन्हा घ्या." नोंद तिचीच. पुढे त्याच अक्षराचे सात टेक. प्रत्येकाआधी तिचा स्वतःचा उत्साही आवाज: "ताई, एकदाच आणखी!"

तिने हेडफोन काढून ठेवले. जेवणाचा डबा तसाच घरी नेला.

रविवारी ती ताईकडे गेली. शाळेतल्या मुलांना एका गाण्यातला वरचा सूर सापडत नव्हता आणि ताईला तो लावून दाखवता येत नव्हता, म्हणून निळ्या केसांच्या मुलीकडून गाऊन हवा होता.

"आणलीस का आमच्या बाईसाहेबांना?" ताई घोगऱ्या आवाजात म्हणाली. "केस विंचरलेत का तिने?"

कात्रीने लॅपटॉप उघडला. सूर लागला, स्वच्छ, ताठ. ताईची मान नकळत डोलली.

"काय लागलाय गं! हा कुठल्या दिवसाचा?"

"तिसऱ्या. सातवा टेक."

ताईची मान डोलायची थांबली. मग म्हणाली, "थर्मासमधलं पाणी संपलं होतं बघ त्या दिवशी."

कात्रीला राहवेना. "ताई, मला तेव्हाच ऐकू आलं होतं. तुझा आवाज अडकत होता. मी लिहूनसुद्धा ठेवलंय. तरी सात वेळा घ्यायला लावलं."

"बरं मग?" ताईने टेबलावरची पुस्तकं उगाच सरळ केली. "मला काय ऐकू येत नव्हतं? गळा कोणाचा होता, ठमे?"

"डॉक्टर म्हणाले ना, नक्की सांगता येत नाही…"

"डॉक्टरांचं राहू दे. पोरं उद्या सकाळी माझ्यापुढे उभी राहणार आहेत. परत लाव."

कात्रीने परत लावलं. निळ्या केसांची मुलगी न थकता तोच सूर धरून राहिली. ताईचे ओठ तिच्याबरोबर उघडले होते, पण त्यातून आवाज येत नव्हता.

सातव्या टेकनंतर ताईने काचेपलीकडून अंगठा वर करून दाखवला होता, हसून. ते हसू कात्रीला अजून दिसतं.

"ताई," तिने सूर मध्येच थांबवला. "तुला कळत होतं, तर तू थांब का नाही म्हणालीस?"